दाढेचा विमा

दाढ मोडली तेव्हा वन्संनी "लागलं का गं?" असं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "डॉक्टरकडे जाऊ नकोस!" आम्ही त्यांच्या घरी वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालत होतो, नोव्हेंबरच्या शेवटी दर वर्षी घालतो तशी. दिवाणखान्यात प्लास्टिक अंथरलेलं, मधोमध टप, टपात मिठाने मऊ पडलेल्या कोबीचा ढीग आणि सगळ्यांचे हातमोजे कोपरापर्यंत लाल. काम करणाऱ्याचे हात बरबटलेले असतात म्हणून मध्येच कुणीतरी एक घास भरवतं. कोबीचं कोवळं पान, त्यात मसाला, त्यात एक कच्चं कालव, अशी गुंडाळी करून समोरच्याच्या तोंडात कोंबायची. ती वन्संनी माझ्या तोंडात कोंबली. कालवाला शिंपल्याची कपची चिकटून राहिली होती. मी चावले, आणि खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढेतून असा आवाज आला की तो कानाने नाही, मानेने ऐकू यावा. शेजारच्या दोन बायका लसूण सोलत कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत होत्या, त्यांना पत्ताही नव्हता. वन्संनी मात्र माझा चेहरा पाहिला, टपावरून पुढे वाकल्या आणि कुजबुजत ते डॉक्टरचं बोलल्या. माझ्या तोंडात तिखट, समुद्राची खारट चव आणि त्या सगळ्यात एक लहानसा टणक तुकडा, माझाच. तो थुंकायला हवा होता. पण टपाशेजारी बसून, चारचौघींदेखत, वन्संनी भरवलेला घास थुंकायचा कसा? मी गिळला. दाढेचा तुकडा, कालव, कोबी, सगळं एकदम पोटात गेलं, आणि वर मी म्हणाले, "छान झालंय वन्सं. मीठ बेताचं आहे."

"मोडली ना?" वन्सं म्हणाल्या. "तोंड मीट आता. मी येते दुकानावर. आधी दाताचा विमा काढू, मग काय ते डॉक्टर-बिक्टर."

वन्सं विमा विकतात. बांग इनजा हे त्यांचं नाव, पण ते मी फक्त त्यांच्या कार्डावर वाचलेलं आहे, तोंडाने कधी घेतलेलं नाही. त्या माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे मी सोडलेल्या नवऱ्याची. सोडलेल्या नवऱ्याला निदान काही म्हणता तरी येतं. त्याच्या बहिणीला काय म्हणायचं हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी वन्संच म्हणत राहिले, आणि त्यांनीही कधी "आता कसली वन्सं?" म्हणून अडवलं नाही. त्यांनी मला कर्करोगाचा विमा विकला, दुकानाला आग लागली तर असावा म्हणून आगीचा विकला, जिन्यावरून पडले तर हाड मोडण्याचा विकला. एकदा त्यांनी वाहनचालकाचा विमा माझ्या गळ्यात घालायचा घाट घातला. मला सायकलसुद्धा येत नाही. "शिकशील की!" त्या म्हणाल्या. तेवढा एक मी घेतला नाही, आणि पुढचे काही आठवडे त्यांचा फोन आला नाही तेव्हा जिवाला असा घोर लागला की मीच फोन करून विचारलं, आणखी काही आहे का हो वन्सं, पडण्याझडण्याचं, लहानसं? त्यांनी लगेच आणून दिलं, आणि सोबत मुळ्याच्या किमचीचा डबाही.

त्या दिवशी किमचीचं जड खोकं मांडीवर घेऊन मी बसने घरी परतत होते तेव्हा जीभ सारखी त्या दाढेकडे जात होती. जिभेला काही समजावून सांगता येत नाही. तिथे जाऊ नकोस म्हटलं की ती तिथेच जाते. आत जी पोकळी लागत होती ती फार मोठी वाटत होती, तोंडात आख्खी खोली रिकामी झाल्यासारखी, आणि एका बाजूला धारदार कड. कडेवरून जीभ फिरवली की शिरशिरी थेट डाव्या कानात जायची. खोक्यातून लसणाचा वास येत होता आणि समोरच्या मुलीने नाक मुरडून खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. मला तिचा राग आला, मग वन्संचा आला, मग त्या कालवाचाही. त्रेपन्न वर्षांची बाई, स्वतःचं दुकान आहे, स्वतःच्या कमाईचं खातं, आणि दाढ मोडली तर दंतवैद्याकडे जायची परवानगी नाही! ही कोणती तऱ्हा झाली?

तऱ्हा कोणती ते वन्संनी संध्याकाळी फोनवर समजावून सांगितलं. "हे बघ कुमरान, नीट ऐक. दुखतंय तोवर ते तुझं तुझ्यापाशी. एकदा का डॉक्टरने तोंडात आरसा घातला आणि लिहून ठेवलं की मोडली, की ती मोडली. मग कंपनी म्हणणार, ही तर आधीचीच. तेव्हा आधी पॉलिसी. मग तीन महिने काही मिळत नाही, ते धरून चालायचं. तीन महिन्यांनी जायचं आणि म्हणायचं, अहो, काल कालव खाताना मोडली."

"तीन महिने?"

"तीन महिने म्हणजे काय गं? नववर्ष येईल, जाईल. कळ काढ."

"आणि मग सगळे पैसे मिळतात?"

"अर्धे. सगळे हवे असतील तर दोन वर्षं थांबावं लागतं. पण अर्धे म्हणजे काय थोडे झाले?"

मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते आणि डोक्यात हिशेब लावायचा प्रयत्न करत होते, पैशांचा नाही, या सगळ्यामागच्या अकलेचा. म्हणजे ज्याला दुखत नाही त्याने विमा घ्यायचा, कारण त्याला लागणार नाही. ज्याला दुखतं त्याने घ्यायचाच असेल तर दुखत नाही असं समजून चालायचं. आणि दुखणं खरं केव्हा? तर डॉक्टरने लिहिलं म्हणजे. तोवर माझ्या तोंडात जे ठणकत होतं ते काय होतं? ज्याने कुणी हा धंदा शोधून काढला त्याची दाढ कधी मोडली नसणार. मी हे वन्संना म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं वन्सं." हे माझं बरं वन्सं म्हणणं मला आता इतकं डोक्यात जातं की माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्या बाईला खांदे धरून गदगदा हलवलं असतं.

कळ काढ. हे त्या मला पहिल्यांदा म्हणत नव्हत्या. मानसोक, म्हणजे त्यांचा भाऊ, मारझोड करणारा नव्हता, हे मी कुणालाही सांगताना आधी सांगते, कारण मग लोक म्हणतात, मग सोडलंस कशाला? तो नुसता नसायचा. घरात असून नसायचा. जेवायला बसला की टीव्हीकडे बघत जेवायचा, ताटात काय आहे ते त्याला विचारलं तर सांगता आलं नसतं. अनेक वर्षं मी त्या माणसाच्या बाजूला बसून सूप पीत होते आणि मला दोघांचे गिळण्याचे आवाज ऐकू यायचे. एके दिवशी मला ते सहन होईना. बस, एवढंच. कौटुंबिक न्यायालयात गेलो तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, मूल लहान आहे, तेव्हा तीन महिने थांबायचं, विचार करायचा, कायदाच तसा आहे. मी म्हटलं, माझा विचार करून झालाय. तो म्हणाला, तरी करा. ते तीन महिने आम्ही त्याच घरात राहिलो. मी त्याचे शर्ट धुतले. किती चमत्कारिक दिवस होते ते! काही ठरलेलं होतं आणि काही लागू झालेलं नव्हतं. सकाळी भात लावताना वाटायचं, हा भात मी कोण म्हणून लावते आहे? तेव्हाही वन्सं आल्या होत्या, सोफ्याच्या काठावर बसल्या होत्या, गुडघ्यावर पर्स. "कळ काढ," त्या म्हणाल्या होत्या. "तो वाईट नाही गं. थोडी कळ काढ." मी त्यांना सफरचंद कापून दिलं होतं. त्यांनी एकच फोड खाल्ली होती आणि उरलेल्या तशाच काळ्या पडल्या होत्या.

आणि तरी त्या वर्षी, कागद झाल्यानंतर, मी माझ्या मुलीला, येरिनला घेऊन या दोन खोल्यांत राहायला आल्यानंतर, नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. काही नमस्कार-चमत्कार नाही. "शनिवारी किमची घालायची आहे. हातमोजे घेऊन ये, मागच्या वेळचे फाटले." मी फोन ठेवून मोठ्याने रडले होते, मुलगी घाबरली होती. माझी आई गेलेली, भाऊ दूर पुसानमध्ये आणि त्याला माझ्या घटस्फोटाची लाज वाटत होती. मला या शहरात कुणी बोलावत नव्हतं, आणि ही बाई, जिला मला न बोलावण्याचा पूर्ण हक्क होता, ती हातमोजे घेऊन ये म्हणत होती. मी गेले. दिवसभर राबले. निघताना त्यांनी किमचीचं खोकं हातात दिलं आणि खोक्यावर कर्करोगाच्या विम्याचं माहितीपत्रक ठेवलं. तेव्हापासून मला हे कोडं सुटलेलं नाही. त्यांनी मला हातमोज्यांसाठी बोलावलं होतं की माहितीपत्रकासाठी? मी त्यांची भावजय आहे की गिऱ्हाईक? विचारायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी दर वेळी सही करत गेले. सही केली की त्या येत राहतात. आणि केली नाही तर काय, हे मला बघायचं नव्हतं.

येरिनला यातलं काही पटत नाही. ती तेजानला नोकरी करते, कंपनीतच दातांचं, डोळ्यांचं सगळं बघतात, तिला ही दुनियाच ठाऊक नाही. फोनवर म्हणाली, "आई, आजच्या आज डॉक्टरकडे जा. आत्याचं काय ऐकतेस? ती तुझी कोण लागते?"

"तुझी तर आत्या लागते ना?"

"माझी लागते. तुझी काय? बाबांशीच नातं नाही, मग त्यांच्या बहिणीशी कसलं?"

"तोंड सांभाळून बोल."

"मी सांभाळूनच बोलतेय, तुझंच तोंड सुजलंय, इथपर्यंत ऐकू येतंय. तू काय बोलतेस ते अर्धं कळत नाहीये मला."

मी फोन ठेवला. खरंच सुजलं होतं. मी उजवीकडून जेवत होते, म्हणजे जेवत कसली, भातात पाणी घालून गिळत होते. गरम लागलं की ठणका, गार लागलं की ठणका, आणि काहीच लागलं नाही की दाढ स्वतःच आठवण करून द्यायची. सुई ओवताना दोरा दातांनी तोडायची मला सवय. कात्री शेजारी असते, पण हात दोरा तोंडाकडेच नेतो. दर वेळी डावीकडेच नेतो. दर वेळी डोळ्यांत पाणी. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई हळवी आहे, स्वेटर रफू करताना रडते.

माझं दुकान इमारतीच्या तळघरातल्या बाजारात आहे, भाजी-चटण्या विकणाऱ्या बाईच्या आणि किल्ल्या बनवणाऱ्याच्या मधोमध. कपडे आखूड-लांब करणं, चेन बदलणं, हे माझं काम. आणि त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या डोक्यावर बरोब्बर, डॉक्टर प्योनचा दातांचा दवाखाना आहे. इतका जवळ की एखादे वेळी पाइपातून त्याच्या मशीनची गुणगुण ऐकू आल्याचा भास होतो. डॉक्टर प्योन बुटका आहे, त्यामुळे त्याची प्रत्येक नवी पँट माझ्याकडे येते. भला माणूस, पण त्याची एक खोड आहे. तो बोलताना तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. एरवी मला त्याचं हसू यायचं. त्या आठवड्यात तो पँट न्यायला आला तेव्हा मी मोजपट्टी गळ्यात, रुमाल तोंडाला, अशी उभी राहिले.

"सर्दी झालीये का ताई?"

मी मान हलवली.

"सर्दी झाली की माणूस नाक झाकतो. तुम्ही गाल झाकलाय."

"तुमची पँट तयार आहे," मी रुमालातून म्हणाले.

"तुम्ही डावीकडची बाजू हलवतच नाही आहात. बघू जरा."

"नको!"

"अहो, बाहेरूनच बघतो. फुकट."

"डॉक्टर, तुम्ही काही बोलू नका," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, शेजारची चटणीवाली वाकून बघायला लागली. "तुमच्या पाया पडते, काही म्हणून बोलू नका. तुम्ही बोललात की ते खरं होतं."

तो बावचळला. त्याला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं. त्याने पँटची घडी काखेत घेतली, दोन पावलं गेला, मग वळला आणि माझ्या रुमालाकडे बघत, हलक्या आवाजात, एखाद्या मुलाला सांगावं तसं म्हणाला, "ती दाढ वाचवायची असेल तर या आठवड्यात वर या. पुढच्या आठवड्यात मला ती काढावी लागेल." आणि गेला. झालं. बोलला. आता ते सांगितल्यात जमा होतं की नव्हतं? दुकानात सांगितलं म्हणजे दवाखान्यात सांगितलं असं होतं का? मी वन्संना फोन करून विचारलं, आणि हे विचारताना मला माझी इतकी चीड आली की मी स्वतःच्याच गालावर बोट दाबलं, जिथे दुखत होतं तिथेच. वन्सं म्हणाल्या, "दुकान म्हणजे दवाखाना नव्हे. तो पँट न्यायला आला होता, गिऱ्हाईक म्हणून. गिऱ्हाइकाचं मत कोण धरतं? लिहिलं नाही ना त्याने कुठे? मग तो बोललाच नाही." मी म्हटलं, बरं वन्सं. आठवडा गेला. दाढ आता हलायला लागली होती, आणि तिच्या मुळाशी चव बदलली होती, गंजलेल्या नाण्यासारखी.

महिनाअखेरीला वन्सं आल्या. महिनाअखेरीलाच येतात, तेव्हा त्यांना ऑफिसात आकडा दाखवायचा असतो. हातात संत्र्यांची पिशवी, काखेत टॅबलेट, जिने उतरून आल्यामुळे धापा. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या आणि बसल्या बसल्या संत्रं सोलून माझ्यापुढे धरलं. "खा."

"नको, झोंबतं."

"मग उजवीकडून खा." मी फोड उजव्या गालात धरली. त्या माझ्याकडे बघत होत्या. सुजेकडे बघत होत्या, पण सुजेबद्दल एक शब्द नाही. त्यांनी काचेवर इथे-तिथे बोटं मारली, एकापाठोपाठ पानं सरकली, इथे सही कर, इथे कर, बोटाने कर गं, नखाने नव्हे. मी केल्या. बोटाने केलेली माझी सही दर वेळी वेगळी येते, लहान मुलाने केल्यासारखी, आणि ती तरी चालते याचंही मला नेहमी नवल वाटतं. "झालं," वन्सं म्हणाल्या. "आता कंपनीची मुलगी फोन करील. काय विचारील त्याला नाही म्हणायचं. शेवटी 'सगळं समजलं का?' विचारील, तेवढ्याला हो."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे केस मुळाशी पांढरे दिसायला लागले होते, रंग लावायचा राहून गेला होता. बुटांच्या टाचा एका बाजूने झिजलेल्या. मला त्यांची दया आली, आणि दया येताच पुन्हा राग आला, कारण ही दयासुद्धा मला दर वेळी सहीपर्यंत घेऊन जाते. वन्सं, तुम्ही माझ्याकडे का येता हो? हे वाक्य माझ्या तोंडात इतकी वर्षं पडून आहे. ते ना गिळलं जातं ना बाहेर येतं. त्या मला भावजय समजत असतील तर माझा गाल असा टम्म फुगलेला बघून त्या म्हणाल्या असत्या, चल ऊठ, आधी वर चल. आणि गिऱ्हाईक समजत असतील तर हे संत्रं कशाला? असं संत्रं सोलून, त्याच्या पांढऱ्या शिरा एकेक काढून, गिऱ्हाइकाला कोण देतं? फोन वाजला.

कोवळा आवाज, घाईचा. हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे, प्रत्येक प्रश्नाला स्पष्ट हो किंवा नाही म्हणा, असं तिने एका दमात म्हटलं. वन्संनी फोनचा स्पीकर लावला आणि स्टूल माझ्या गुडघ्यांपर्यंत ओढलं. सध्या कवळी वापरता का? वन्संनी मान हलवली. "नाही," मी म्हणाले. गेल्या वर्षभरात दात काढला का? "नाही." गेल्या वर्षभरात कुणा दंतवैद्याने तुम्हाला दात काढण्याचा किंवा उपचाराचा सल्ला दिला आहे का?

वन्संचे ओठ माझ्यासमोर होते. ते आवाज न करता 'नाही' म्हणत होते. त्यात खोटं काही नव्हतं, तसं बघायला गेलं तर. दुकान म्हणजे दवाखाना नव्हे. पण त्या एका शब्दाच्या पलीकडे मला तीन महिने दिसत होते, भातात पाणी घातलेले, रुमाल बांधलेले, पहाटे उठून गालाखाली थंड चमचा धरलेले तीन महिने, आणि त्या तीन महिन्यांत वन्सं येणार, विचारणार, कळ काढतेस ना? आणि मी म्हणणार, बरं वन्सं. मला ते करता आलं असतं. मला येतं ते. माझ्याइतकं चांगलं ते कुणालाच येत नाही. आणि तेवढ्यात दाढेतून अशी कळ आली, कानापासून खांद्यापर्यंत, की डोळ्यांपुढे दुकान क्षणभर पांढरं झालं, आणि मला या सगळ्याचा, विम्याचा, वन्संचा, माझ्या समजूतदारपणाचा, एकदम भयंकर वीट आला.

"हो," मी म्हणाले.

"हो म्हणालात का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"हो. खाली पँट न्यायला आला होता तेव्हा म्हणाला. दाढ मोडलेली आहे. आत्ता मोडलेली आहे, कधीच मोडलीये. मला फार दुखतंय. मी रात्र रात्र झोपलेले नाही."

वन्संनी कपाळावर हात मारला. मग ती मुलगी, कागदावरचं नसलेलं, म्हणाली, "अगं बाई." आणि लगेच सावरून, की हा अर्ज आता पुढे नेता येणार नाही, तसदीबद्दल क्षमस्व. आणि मग पुन्हा हळूच, "लवकर जा हं दाखवायला, काकू." फोन बंद झाला.

मी वन्संकडे बघितलं नाही. शिलाई मशीनच्या चाकाकडे बघत बसले. त्यांनी टॅबलेटचं झाकण लावलं. संत्र्याच्या साली गोळा करून पिशवीत भरल्या, एक साल खाली पडली होती ती वाकून उचलली. मग म्हणाल्या, "एक शब्द होता. एक शब्द म्हणता आला नाही तुला? मी कुणासाठी करत होते? तुझी दाढ काय मला लावून घ्यायची होती?"

"मला नको आहे वन्सं. हाही नको आणि यापुढचेही नकोत. मला आता काहीच घ्यायचं नाही तुमच्याकडून."

बोलून गेले. मला म्हणायचं होतं विम्याचं. पण ऐकायला ते सगळ्याचंच वाटलं, किमचीच्या खोक्याचं, संत्र्याचं, सगळ्याचं. वन्सं उठल्या. पर्स खांद्याला लावली. दुकानाच्या दाराशी गेल्या, तिथे लोकांचे तयार कपडे टांगलेले असतात, त्यांच्यामध्ये उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. कुणाच्या तरी कोटाची बाही त्यांच्या खांद्यावर आली होती, ती त्यांनी बाजूला केली नाही.

"मग आता मी इथे काय म्हणून यायचं?" त्या म्हणाल्या.

तो टोमणा नव्हता. टोमणा मला ओळखता येतो, त्यांचे टोमणे मी आयुष्यभर ऐकलेत. त्यांचा आवाज लहान झाला होता आणि त्या खरंच विचारत होत्या. त्यांनाही माहीत नव्हतं. एवढी वर्षं माझ्या दुकानाचे जिने उतरताना त्यांच्या काखेत काही ना काही कागद होता, आणि तो कागद नसता तर भावाला सोडून गेलेल्या बाईच्या दारात त्यांनी काय तोंडाने उभं राहायचं होतं? हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. पण गाल असा भरून आला होता की शब्द नीट निघत नव्हते, आणि जे निघालं ते निव्वळ खरं होतं.

"वर डॉक्टरकडे जायचंय," मी म्हणाले. "दाढ काढतील. मला भीती वाटते वन्सं. एकटीने जायची भीती वाटते."

त्या वळल्या. माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी त्यांचे डोळे सुजेवरून हटले नाहीत. पर्स त्यांनी स्टुलावर आपटली, पुन्हा उचलली. "भीती वाटते म्हणे! इतके दिवस हे गालफड घेऊन फिरते आहे आणि आता भीती वाटते! इस्त्री बंद केलीस का? नाही केलीस. दिसतच नाही या बाईला काही." त्यांनी स्वतःच इस्त्रीची पिन ओढून काढली, चटणीवालीला ओरडून दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि माझं मनगट धरलं. लिफ्ट वर अडकली होती म्हणून आम्ही जिन्याने निघालो. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या मनगट न सोडता माझ्यापुढे चढत होत्या, धापा टाकत होत्या, आणि सबंध जिनाभर मला शिव्या घालत होत्या.